इंग्रजी निबंधाला जड शब्द लागतात का?

प्रश्न : माझी दहावी मराठी माध्यमातून झाली. आता कॉलेजात माझ्या इंग्रजी निबंधांवर ‘फॉर्मल नाही’ असा शेरा येतो. अवघड शब्द पाठ करू का?
– एक विद्यार्थिनी, सालवड

उत्तर : पाठांतर थांबवा. औपचारिक इंग्रजी म्हणजे जड इंग्रजी, हा गैरसमज आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात वाचलेला ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध मिळवून वाचा. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्री. व्यं. केतकर यांच्या जातीच्या व्याख्या ते आधी मांडतात, तपासतात. मगच जातीअंतर्गत विवाह हेच जातीचं मूळ लक्षण, असं स्वतःचं मत सिद्ध करतात. दुसऱ्याचं म्हणणं कुठे संपलं हे वाचकाला स्पष्ट कळतं. शेऱ्यामागची अपेक्षा बहुधा हीच असावी.

सरावाला जवळचाच विषय घ्या: 1969पासून वीज देणाऱ्या तारापूर अणुविद्युत केंद्राने परिसर कसा बदलला? उत्तर एका वाक्यात लिहा. पुढे प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आणि त्याचा पुरावा. ‘डोन्ट’, ‘कान्ट’ अशी संक्षिप्त रूपं टाळा.

उचललेल्या वाक्याला अवतरणचिन्हं आणि मूळ लेखकाचं नाव हवंच. नाहीतर ती चोरी ठरते. आराखडा खुशाल मराठीत करा, वाक्यं मात्र थेट इंग्रजीत लिहा.