आंब्यावरील जंतुजन्य काळा ठिपका

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत, आंब्याचे कलम ही कुटुंबाची पिढीजात ठेव मानली जाते. दि. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या पट्ट्यातील असंख्य झाडे पाडली. पडलेले झाड सर्वांस दिसते. परंतु उभ्या झाडाच्या जखमांतून शिरणारा रोग सहसा दृष्टीस पडत नाही. काळा ठिपका हा असाच एक रोग होय.

रोगाचे कारण : हा रोग बुरशीमुळे नव्हे, तर जंतूंमुळे होतो. भारतातील या रोगाचे वर्णन १९४८ साली पटेल, मोनीझ व कुलकर्णी या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. रोगट पानांत व फांद्यांवरील व्रणांत हे जंतू टिकून राहतात. पावसाच्या थेंबांबरोबर ते उडतात आणि वाऱ्याने घासलेल्या वा फाटलेल्या भागांतून आत शिरतात. दूरच्या गावी मात्र ते बहुधा रोगट कलमांबरोबरच जातात.

ओळख : पानांवर शिरांनी मर्यादित झालेले, कोनाकृती, किंचित उंचावलेले काळे ठिपके पडतात व त्यांभोवती पिवळी कडा दिसते. करप्याचे डाग शिरांच्या मर्यादेत राहत नाहीत, हा दोहोंतील फरक ध्यानात ठेवावा. कोवळ्या फांद्यांवर काळे व्रण पडून साल तडकते. फळांवरील डाग ताऱ्यासारखे फुटतात, त्यांतून डिंक स्रवतो व फळे गळतात.

उपाय : जंतू झाडाच्या आत असल्याने केवळ फवारणीने ते नाहीसे होत नाहीत. म्हणून प्रथम छाटणी, नंतर फवारणी, हा क्रम पाळावा.

१. फळतोडणी संपताच, कोरड्या हवेत, रोगट फांद्या निरोगी भागापर्यंत छाटून जाळाव्यात. प्रत्येक झाडानंतर कोयता किंवा कात्री स्पिरिटने पुसावी.

२. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. त्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर घ्यावे.

३. पाऊस लागण्यापूर्वी १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १०० लिटर हे प्रमाण ठेवावे. मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये. झाड मोहोरावर असताना फवारणी टाळावी.

४. समुद्राकडील बाजूस सुरूची रांग लावावी. वारा अडला म्हणजे पानांच्या जखमा कमी होतात.

ब्रिटनमध्ये ओक वृक्षांच्या ऱ्हासातही जंतूंचा वाटा आढळला आहे. तेथे साल पोखरणारा भुंगा आणि अवर्षणासारखे ताण त्यांस साहाय्यभूत होतात. झाड एकाच कारणाने क्वचितच खचते, हा बोध येथेही लागू पडतो.

पडलेल्या झाडांच्या जागी नवी लागवड करताना स्वस्त, अनोळखी कलमांचा मोह टाळावा. ग्रामसेवकांनी खरेदीपूर्वी कलमांची पाने तपासून घेण्याची सवय शेतकरी बांधवांस लावावी. संशय आल्यास रोगट पाने व डहाळी कागदात गुंडाळून दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे तपासणीस पाठवावी. रोगट कलम बागेत येऊ न देणे, हाच सर्वांत कमी खर्चाचा उपाय होय.