पोलंडला जायचं, तर कोणत्या सणाला?

पोलंडची सहल ठरवताना आपल्याकडची माणसं व्हिसा, थंडीचे कपडे आणि जेवणाची सोय यांची कसून चौकशी करतात. सहल कोणत्या सणात पडते आहे, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. नाताळ किंवा ईस्टर सापडला तर सोन्याहून पिवळं, असाच एकंदर सूर असतो: रोषणाई दिसेल, बाजार भरलेले असतील, चर्चमधली गाणी कानावर पडतील. असे बेत आखताना आणि फसताना पाहत आल्यावर माझं मत उलट झालं आहे. युद्धात होरपळलेला हा देश मोठ्या सणाला दार लावून आपल्या माणसांत बसतो, आणि बसमधून फिरणाऱ्या तीस-चाळीस पाहुण्यांच्या वाट्याला बंद शटर आणि ओस रस्ते येतात. तेव्हा सण पारखून जावं. पोलंडपुरतं माझं उत्तर ठरलेलं आहे: नाताळ टाळा, ईस्टरचा फक्त शनिवार धरा आणि जमत असेल तर १ नोव्हेंबर गाठा.

पोलंडच का, हा प्रश्न कोल्हापुरात कुणी विचारणार नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बायका, मुलं आणि म्हातारी माणसं जास्त. कर्ते पुरुष सैन्यात, नाहीतर बेपत्ता. १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या आणि १० फेब्रुवारी १९४० पासून घरंच्या घरं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेली गेली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला तेव्हा त्यांची सुटका झाली, १९४२ मध्ये त्यातले बरेच इराणला पोचले आणि तिथून काही जण कराचीमार्गे आपल्याकडे आले. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. पुढे फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर हेच. महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ पुष्कळांनी पाहिलेला असतो. २१ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला अभिवादन केलं, तेव्हापासून तर पोलंड आपल्याला आणखी जवळचा वाटू लागला. ही ओढ खरी आहे, पण तिच्यात एक गफलत आहे. वळिवड्यात राहून गेलेल्यांपैकी बहुतेकांची गावं आजच्या पोलंडमध्ये नाहीतच. त्यांचं ल्वुव्ह आता युक्रेनमध्ये आहे, विल्नो लिथुआनियात, आणि मधला मोठा पट्टा बेलारूसमध्ये. १९४५ मध्ये याल्टाला बड्या राष्ट्रांनी पोलंडची सीमा पश्चिमेला सरकवली. परत जायला घरच उरलं नाही म्हणून छावणीतले कितीतरी जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेले. तेव्हा 'वळिवड्याच्या पोलिशांची गावं दाखवू' असं कुणी सहलवाला म्हणाला, तर त्याच्यापुढे नकाशा ठेवावा. वॉर्सा आणि क्राकोव्ह जरूर पाहावं, पण ते त्या माणसांचं अंगण नव्हे, एवढं मनाशी धरून.

आता नाताळ. पोलंडमध्ये खरा नाताळ २४ डिसेंबरच्या संध्याकाळी असतो आणि तो घरात असतो. आकाशात पहिली चांदणी दिसली की कुटुंब टेबलाशी बसतं, पातळ पापडासारखी एक पवित्र चकती एकमेकांना मोडून देतं, आणि मग बारा पदार्थांचं जेवण होतं. त्यात मांस नसतं. बिटाचं सार, करंजीसारखे पिएरोगी आणि कार्प मासा. तांबड्या-पांढऱ्यावर पोसलेल्या मंडळींनी हे आधीच ऐकून ठेवलेलं बरं. २०२५ पासून २४ डिसेंबर ही कायद्याने सुट्टी झाली आहे. २५ आणि २६ आधीपासूनच होत्या. म्हणजे सलग तीन दिवस दुकानं बंद, जेवणाच्या जागा मोजक्या, आणि वॉर्सात दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळलेला. त्या टेबलावर अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट रिकामं ठेवायची रीत आहे. गाइड ती हमखास सांगतात आणि आपली माणसं भारावून म्हणतात, 'बघा, अतिथी देवो भव!' पण युद्धानंतर कित्येक घरांनी ते ताट न परतलेल्या माणसासाठीही मांडलं. त्यावर बाहेरून आलेल्या गटाचा हक्क पोचत नाही. गौरीजेवणाच्या दिवशी आपल्या दारात कॅमेरे घेऊन वीस अनोळखी माणसं उभी राहिली, तर आपण त्यांना हाकलणार नाही, पण आपलं जेवण मात्र नासेल. कुणा पोलिश स्नेह्याने घरी बोलावलं असेल तर अवश्य जा. 'पोलिश कुटुंबासोबत नाताळ' असा कार्यक्रम पैसे घेऊन विकला जात असेल, तर त्या टेबलाशी कोण बसणार आहे, हे आधी विचारा.

ईस्टरची गोष्ट थोडी वेगळी. आपल्याकडे गुड फ्रायडेला बँका बंद असतात. कट्टर कॅथलिक पोलंडमध्ये तो दिवस कामाचा आहे, हे ऐकून आपल्या लोकांना नवल वाटतं. पाहुण्याला सगळ्यात जास्त दिसतो तो शनिवार. लहान-मोठे सगळे टोपल्या घेऊन चर्चला येतात. टोपलीत रंगवलेली अंडी, पाव, मीठ, सॉसेज, किसलेलं हॉर्सरॅडिश आणि लोण्याचं कोकरू, वर भरतकामाचा पांढरा रुमाल. पाद्री येऊन त्यावर पाणी शिंपडतो. हा सोहळा उघड्यावर, अंगणात चालतो, आणि जरा बाजूला उभं राहून पाहणाऱ्याचं कुणाला वावडं नसतं. रविवारी पहाटे चर्चमधली प्रार्थना आटोपली की माणसं घरी न्याहारीला जातात आणि शहर मिटतं. सोमवारही सुट्टीचा. त्या दिवशी पोरं एकमेकांवर पाणी उडवतात, आणि त्यात आपल्यालाही भिजावं लागलं तर चिडायचं नाही. तीन रात्रींच्या ईस्टर-सहलीत खरा दिवस एकच असतो, हे जाहिरातीत कुठे लिहिलेलं नसतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, अजून किती दिवस 'युद्धात होरपळलेला देश' म्हणायचं? वॉर्साच्या जुन्या चौकात उभं राहिलं की हा आक्षेप पटतोही, इतका तो चौक टवटवीत आहे. पण तो टवटवीत आहे कारण तो नवा आहे. १९४४ च्या उठावानंतर, १ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर असे ६३ दिवस लढून शहर हरल्यावर, जर्मनांनी ते ठरवून, घराघराला सुरुंग लावून पाडलं. लोकांनी ते परत उभारलं, आणि त्यासाठी अठराव्या शतकातल्या बेल्लोत्तो या चित्रकाराच्या चित्रांचाही आधार घेतला. युनेस्कोने १९८० मध्ये या चौकासह जुन्या शहराला वारसास्थळ ठरवलं, तेही या पुनर्बांधणीसाठीच. ज्या गाइडला 'सातशे वर्षांची इमारत' यापुढे काही सांगता येत नाही, त्याने अर्धी गोष्ट गिळली असं समजावं. सण आणि युद्ध यांची गाठ तर याच शहरात फार कठोर पडली आहे. १९ एप्रिल १९४३ ला, ज्यूंच्या वल्हांडणाच्या आदल्या दिवशी, वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या भिंतबंद वस्तीत, उठाव झाला. त्या वर्षी ईस्टर २५ एप्रिलला होता. भिंतीच्या आत घरं जळत होती आणि भिंतीला लागूनच क्राशिन्स्की चौकात जत्रेतला गोल पाळणा फिरत होता. चेस्वाव मिवोश यांनी त्याच वर्षी त्यावर कविता लिहिली. ईस्टरला वॉर्सात उभं राहून हे माहीत नसणं म्हणजे देखावा पाहून परतणं. भर म्हणून, २०२२ पासून शेजारी पुन्हा युद्ध पेटलं आणि लाखो युक्रेनी माणसं इथे आली. हॉटेलात खोली आवरणारी किंवा स्वागतकक्षात बसलेली बाई त्यांच्यातली असू शकते. तिला 'तुमच्याकडे काय चाललंय' असं सहज म्हणून विचारू नये.

ऑश्विट्झच्या नाझी छावणीबद्दल तर मी आग्रहीच आहे. तिथे सुमारे अकरा लाख माणसं मारली गेली, त्यात दहा लाखांच्या आसपास ज्यू. क्राकोव्हहून बसने दीडेक तासाचं अंतर आहे, म्हणून सहलवाले 'सकाळी ऑश्विट्झ, दुपारी मिठाची खाण' अशी जोडी लावतात. ही जोडी मोडायला लावा. खाण उत्तम आहे, ती दुसऱ्या दिवशी बघा. छावणीचं संग्रहालय वर्षात तीनच दिवस बंद असतं: १ जानेवारी, २५ डिसेंबर आणि ईस्टरचा रविवार. नाताळ-ईस्टरच्या सहलीत नेमका यातलाच दिवस 'ऑश्विट्झ दर्शन' म्हणून छापलेला असणं अशक्य नाही, कारण बेत आखणारा बऱ्याचदा मागच्या वर्षीचाच तक्ता पुढे सरकवतो. प्रवेश फुकट असला तरी नावानिशी नोंदणी लागते, आणि गटाला माहिती सांगायचा अधिकार संग्रहालयाच्याच मार्गदर्शकांना आहे. आपल्या मराठी टूर मॅनेजरला तिथे बोलता येत नाही. म्हणून त्याने आदल्या रात्री हॉटेलात सगळ्यांना बसवून मराठीत सगळं सांगावं, असं माझं ठाम मत आहे. तसं झालं नाही तर गटातले आजी-आजोबा साडेतीन तास न कळणारी इंग्रजी ऐकत चालतात आणि शेवटी खुर्ची शोधतात. चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नये, असा संग्रहालयाचाच सल्ला आहे. 'आमचा बारका समंजस आहे' हे कारण पुरेसं नाही. चार नंबरच्या इमारतीत काचेपलीकडे स्त्रियांच्या कापलेल्या केसांचा ढीग आहे. तिथे फोटो काढायला मनाई आहे. छावणीचाच भाग असलेल्या बिर्केनाऊच्या रुळांवर तोल सावरत चालतानाचे फोटो लोक टाकू लागले, तेव्हा मार्च २०१९ मध्ये संग्रहालयाने जाहीरपणे 'असं करू नका' म्हणून विनवलं. आणि आपल्यापुरती एक गोष्ट: नव्या बॅगेवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक पुसून निघा, गळ्यातलं लॉकेट घरी ठेवा. आपल्या स्वस्तिकाचा अर्थ वेगळा आहे हे खरं, पण छावणीच्या फाटकात समोरच्याला तो समजावून सांगण्याची ती जागा नव्हे.

'सुट्टीत मजा करायला जायचं की शोक करायला?' असं काही जण वैतागून विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्यांना नुसती मजा हवी, त्यांना युरोपात इतर देश पुष्कळ आहेत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण 'वळिवड्याचं नातं' म्हणून निघालेल्याने त्या नात्यातली दुःखं वगळून फक्त रोषणाई मागू नये. दुसरं कारण व्यवहाराचं सांगतात: शाळांच्या सुट्ट्या नाताळातच जुळतात. दिवाळीची सुट्टी विसरलात का? १ नोव्हेंबर, ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा दिवस, दिवाळीच्या आगेमागेच येतो. पोलंडमध्ये तोही कायद्याने सुट्टीचा दिवस आहे आणि दुकानं तेव्हाही बंद असतात. फरक एवढाच, की त्या दिवशी सगळा देश घराबाहेर असतो. माणसं शेवंतीच्या कुंड्या आणि काचेच्या भांड्यातल्या मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातात. वॉर्सात त्यासाठी खास ट्राम आणि बस सोडतात. पोवोंझ्कीच्या लष्करी दफनभूमीत १९४४ च्या उठावात पडलेल्या पोरांच्या कबरींवर बर्चच्या लाकडाचे साधे क्रूस आहेत. ज्यांचा त्या पोरांशी काही संबंध नाही, तेही तिथे दिवा लावतात. पाहुण्यालाही लावता येतो. फाटकाबाहेर टपऱ्यांवर मेणबत्त्या मिळतात, पैसे थोडेच लागतात, परवानगी कुणाची लागत नाही. कबरीपाशी उभ्या असलेल्या कुटुंबाचा फोटो मात्र काढायचा नाही. नाताळच्या टेबलाशी जी जागा आपल्याला नाही, ती इथे न मागता मिळते, आणि तीही युद्धाच्या आठवणीत शिरूनच. नोव्हेंबरची थंडी डिसेंबरएवढी बोचरी नसते, हा फायदा वेगळाच. निघण्याआधी जमलं तर कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या पोलिश कबरी बघून घ्या; वळिवड्यात वारलेली काही माणसं इथेच राहिली आहेत.

पैसे भरण्याआधी सहलवाल्याकडून पाच गोष्टी लेखी घ्याव्यात. सुट्टीच्या प्रत्येक दिवशी कोणतं ठिकाण उघडं आहे, तारखेनिशी. ऑश्विट्झची नोंदणी कुणाच्या नावाने आणि कोणत्या वेळेची आहे. सणाच्या रात्री जेवण कुठे, आणि त्यात मांसाहार, शाकाहार, जैन यांपैकी काय मिळणार. वॉर्सात स्थानिक गाइड किती तासांसाठी आहे. आणि युक्रेनच्या सीमेकडची परिस्थिती बिघडून विमान रद्द झालं, तर पैसे परत मिळणार की नुसतं 'पुढच्या वर्षी बघू'. पाचव्या प्रश्नाला तोंडी उत्तर फार गोड मिळतं. कागद मागितला की खरी अट कळते.