विजेच्या हातयंत्रांची तपासणी
जबलपूरच्या अधारताल औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ड्रिल, ग्राइंडर इत्यादी हातयंत्रे सतत इकडून तिकडे न्यावी लागतात. त्यामुळे वायर पिळवटून आतील तारा तुटतात. तुटलेली तार भूसंपर्काची असेल, तर यंत्र पूर्ववत् चालते व दोष कळत नाही. पुढे रोधक आवरण झिजून धातूच्या कवचात २३० व्होल्टचा दाब उतरला, म्हणजे प्रवाह कामगाराच्या देहातून जमिनीत जातो. असा धक्का प्राणघातक ठरू शकतो.

म्हणून प्रथम प्लग काढून वायर व कवच नीट पाहावे. नंतर जाणकाराने प्लगच्या जाड पिनेपासून कवचापर्यंत भूसंपर्क अखंड आहे ना, हे मोजावे. ५०० व्होल्टच्या मेगरने रोधकता १ मेगओहमहून कमी भरल्यास यंत्र बाजूस ठेवावे. यंत्र चालते, एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही.