पंगत किती वाजता बसणार?

रामाकोन्यात मी घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते, हे आता आजूबाजूच्या गावांत माहीत झालं आहे. सौंसरकडच्या, कधी थेट पांढुर्ण्याच्या बायका विचारायला येतात. कुणाला लेकीच्या शिक्षणाला पैसे हवे असतात, कुणाच्या संत्र्याच्या बागेत फळगळ झालेली असते. बहुतेकींचा पहिला प्रश्न भांडवलाचा असतो, दुसरा मसाल्याचा. वेळेचं कुणी विचारत नाही, आणि माझ्या पाहण्यात हा धंदा वेळेपायीच अडचणीत येतो. म्हणून मी आधी तेच सांगते.

वैशाखातलं एक साक्षगंध होतं. वडाभात, कढी, आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, पुडाची वडी आणि बुंदी असा बेत. जेवण बाराला ठरलं होतं, म्हणून साडेदहाला भाताचे गंज उतरवून झाकून ठेवले. मुलाकडची मंडळी नागपूरकडून यायची होती. बारा वाजले, एक वाजला; फोन केला की एकच उत्तर, 'निघालो, पोचतोच.' स्वयंपाक टिनाच्या शेडखाली होता आणि वर ऊन असं की गंजाच्या झाकणाला हात लावणं कठीण. गाड्या आल्या तेव्हा तीन वाजून गेले होते.

वाढायला घेण्याआधी मी झाकण काढलं. वरचा भात मोकळा आणि चांगला दिसत होता. सराटा कडेनं खाली घातला आणि तळाचा भात वर काढला, तर तो कोमट होता, दोन बोटांत दाबला तर चिकट लागला आणि वास किंचित आंबूस. मी दोन्ही गंज बाजूला ठेवायला सांगितलं आणि नव्या भाताचं आधण चढवलं. घरातले वडीलधारे धावत आले. "बाई, एवढा भात फेकता काय? पावणे उपाशी राहतीन!" मी म्हटलं, "काका, अर्धा-पाऊण तास द्या. पुऱ्या-भाजी वाढायला घ्या, भात मागून येते." भात आला, पंगती उठल्या, कुणाचं पोट बिघडलं नाही. हिशेबाच्या दिवशी मात्र त्या तांदळाचे आणि गॅसचे पैसे माझ्या बिलातून कापले गेले. तरी उद्या तसाच प्रसंग आला तर मी तो भात पुन्हा बाजूला ठेवीन.

कारण समजून घ्या, म्हणजे कुणी अंगावर आलं तरी पाय मागे घ्यावासा वाटणार नाही. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजं असतात. ती उकळीनंही मरत नाहीत. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ती रुजतात, वाढतात, आणि त्यांतल्या काहींचं विष पुन्हा गरम केल्यावरही तसंच राहतं. म्हणजे 'एक उकळी देऊन टाका' हा आपल्याकडचा हुकमी उपाय इथे चालत नाही. खवा आणि पनीर यांचं भय वेगळं. हाताच्या जखमेतून, नाकातोंडातून स्टॅफिलोकॉकस त्यांत जातो, आणि त्याचं विषही आचेला दाद देत नाही. बोटाला कापलेल्या बाईला त्या दिवशी खव्यात हात घालू देऊ नका. तिला भांड्यांचं किंवा पत्रावळ्यांचं काम द्या, आणि मजुरी पूर्ण द्या, म्हणजे पुढच्या वेळी ती जखम लपवणार नाही.

गरम ठेवायचं अन्न 60 अंशांच्या वर आणि थंड ठेवायचं 5 अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. सळईसारखा टोकदार थर्मामीटर मिळतो, तो पहिल्याच कमाईतून घ्या. घरी चार माणसांचा भात लवकर निवतो, म्हणून आपल्याला याची सवय नसते. पंचवीस-तीस किलो शिजलेल्या भाताचा गंज मात्र कडेनं निवतो आणि पोटात पुष्कळ वेळ कोमट राहतो. दुपारचं उरलेलं संध्याकाळी वाढायचं असेल तर गंजात ठेवू नका. पराती आणि कोपरांत पातळ पसरा, निववा आणि लगेच थंड जागी हलवा. ती सोय नसेल तर वाढूच नका.

म्हणून मी बेत ठरवताना पदार्थांचे दोन गट करते, थांबणारे आणि न थांबणारे. पुडाची वडी, बुंदी, शेव, चिवडा, लोणचं थांबतात. पाटवडीचा रस्सा मंद आचेवर उकळत ठेवला तर थांबतो. वड्या वेगळ्या कापून ठेवायच्या आणि वाढताना रश्शात सोडायच्या. भात आणि पुऱ्या थांबत नाहीत. त्यांची तयारी पूर्ण करून ठेवायची, तांदूळ धुऊन निथळत, कणीक मळून, आणि पाहुणे मांडवात दिसल्यावरच आधण चढवायचं. पहिल्या पंगतीला दहा मिनिटं उशीर झाला तर लोक बोलतात, पण ते बोलणं परवडतं. पुरण, आमरस, बासुंदी, पनीर यांना मी चैत्र-वैशाखात नकार देते, बर्फाची आणि फ्रिजची खात्री असली तरच हो म्हणते. वीज गेली की फ्रिज म्हणजे नुसतं कपाट.

मोठ्या स्वयंपाकाचं माप निराळं असतं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं 1970 पासून कितीतरी घरांत वाटी-चमच्याचं माप पोचवलं, माझ्याही घरात. पण चार माणसांची वाटी पंचवीसनं गुणली की शंभर माणसांचं जेवण होत नाही. पाणी त्या मानानं कमी आटतं आणि तिखट-मीठ त्या प्रमाणात लागत नाही. शंभर पानांना मी नऊ-दहा किलो तांदूळ आणि दहा-बारा किलो कणीक धरते. मीठ दोन हप्त्यांत घालते आणि मधे चाखते.

आता वेळ कागदावर कशी आणायची ते. इसार घेताना मी एक चिठ्ठी करते, दोघांच्या सह्यांची. तारीख, पानांची कमीत कमी संख्या, बेत, आणि ठळक अक्षरांत 'पंगत किती वाजता बसणार'. त्याखाली एक वाक्य: या वेळेनंतर दोन तासांहून जास्त थांबावं लागलं तर भात नव्यानं टाकला जाईल आणि त्याचा खर्च यजमानांकडे. हे वाक्य वाचून दाखवताना पहिल्यांदा जीभ अडखळते. समोर बसलेली बहुधा नात्यातली, ओळखीची माणसं असतात, 'ताई, आपल्यात कागद कशाला?' म्हणतात. तरी सही घ्या. मुहूर्त 11 वाजून 42 मिनिटांचा पत्रिकेत छापतात आणि वरात दोनला दारात येते, हे त्यांनाही ठाऊक असतं. निम्मा इसार, उरलेल्यातला मोठा भाग आदल्या दिवशी, अगदी थोडे पैसे मागे. उधारीवर किराणा उचलून ऑर्डर करू नका.

उधारीवरून गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका आठवतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना त्या घरातल्या घरात जेवण करून घालत. वाण्याकडून उधार, सावकाराचं व्याज, आणि कामगाराच्या पगाराची वाट. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना एकत्र केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. सावकाराच्या तावडीतून सुटायला तो आधार झाला. मला त्यांच्या गोष्टीत आणखी एक दिसतं. त्यांच्या जेवणाला गिरणीचा भोंगा होता. पाळी सुटली की माणूस ताटावर येणार, हे पक्कं. लग्नघराला भोंगा नाही, तो आपणच कागदावर लिहून घ्यायचा असतो. आणि भांडवल लागलंच तर आधी आपला स्वयंसहायता समूह, मग मुद्रा योजनेचं शिशू कर्ज, 50,000 रुपयांपर्यंतचं. मोठी भांडी विकत घेऊ नका. बिछायत केंद्रात भाड्यानं मिळतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, घरून धंदा असला तरी. मी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला ही साधी नोंदणी पुरत होती आणि फी वर्षाला 100 रुपये होती. आकडे बदलतात, ऑनलाइन सेंटरवर विचारून घ्या. ऑक्टोबर 2023 पासून आपला जिल्हा छिंदवाडा राहिला नाही, पांढुर्णा झाला. जुन्या कागदांवर छिंदवाडाच असतं, म्हणून अर्जात जिल्हा नीट पाहून घ्या. 14 आकडी नंबर मिळतो, तो बिलावर छापा. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं. महाग वाटतं, पण दर ठरवताना ते आणि स्वतःची मजुरी दोन्ही धरा. स्वतःची मजुरी न धरणाऱ्या बायका मला नेहमी भेटतात. वर्षअखेर 'उरलं काहीच नाही' म्हणतात, आणि घरातले 'मग कशाला करतेस' म्हणतात.

सगळं वर्ष लग्नसराईचं नसतं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मांडव थंड असतात. त्या काळात महालक्ष्म्यांचं जेवण, गणपती-नवरात्रातला महाप्रसाद आणि तेरव्या असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा असते; त्या दिवशी मी तिथली ऑर्डर घेत नाही. हनुमान जयंतीला जामसावळीच्या मंदिराच्या रस्त्यावर इतकी गर्दी असते की सामानाची गाडी पहाटेच काढावी लागते.

नव्यानं सुरू करणारीला मी सांगते, पहिली ऑर्डर लग्नाची घेऊ नकोस. बारसं घे, वास्तू घे, नाहीतर महालक्ष्म्यांचं जेवण घे. तीस-चाळीस पानं, माणसं गावातलीच, आरती झाली की पंगत बसते. तेवढ्या जेवणाला घरची चूल आणि दोन शेजारणी पुरतात, आणि भात उतरवल्यापासून शेवटचं पान उठेपर्यंत किती वेळ गेला ते घड्याळात बघून वहीत लिहिता येतं.