टाके निघाल्यानंतरची वर्षं

माझा मुलगा हिर्शस्प्रंग आजार घेऊन जन्माला आला. साधारण ५,००० बाळांमागे एकाला होणारा हा आजार. मुलींपेक्षा मुलग्यांत जवळपास चौपट. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात हालचाल घडवणाऱ्या चेतापेशीच नसतात. तो भाग आवळलेला राहतो, शी पुढे सरकत नाही आणि वरचं आतडं फुगत जातं. कोपनहेगनचे डॉक्टर हाराल्ड हिर्शस्प्रंग यांनी १८८६ साली या आजाराचं वर्णन केलं; पण दोष नेमका कुठे आहे हे ओळखून तो भाग काढण्याचं ऑपरेशन ओर्वर स्वेन्सन यांनी १९४८ साली मांडलं. माझ्या मुलाच्या पोटावर आधी शीची तात्पुरती वाट काढली, मग सदोष आतडं काढून चांगलं आतडं खाली आणून जोडलं आणि शेवटी पोटावरचं तोंड बंद केलं.

आज तो हायस्कुलात आहे, तासन् तास क्रिकेट खेळतो. मधल्या वर्षांनी आम्हाला जे शिकवलं, ते अशाच एखाद्या घरी उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे. टाके निघाले की भेटायला येणारी माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. आईबापांचं काम मात्र तिथून पुढे बरीच वर्षं चालतं.

१. ऑपरेशन चांगलं झालं तरी आतडं जपावंच लागतं.
सदोष भाग गेला, तरी उरलेलं आतडं अगदी इतर मुलांसारखंच चालेल असं नाही. गुदद्वाराचा आतला स्नायूही अनेकदा हवा तेव्हा सैल पडत नाही. त्यामुळे बद्धकोष्ठ, पोट फुगणं, चड्डी डागाळणं हे त्रास पुढेही होतात. म्हणून लगेच ‘ऑपरेशन फसलं’ असं म्हणू नये आणि ‘होतंच असं’ म्हणून सोडूनही देऊ नये. जोडलेली जागा अरुंद झाली आहे का, सदोष भाग थोडा उरला आहे का, हे तपासून कळतं. त्रास चालूच राहिला, तर ही तपासणी मागून घ्यावी.

२. फुगलेलं पोट, घाण वासाची पातळ शी आणि मलूल मूल: ही घाईची वेळ आहे.
या आजारात आतड्याला सूज येऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्याला एन्टेरोकोलायटिस म्हणतात. ऑपरेशनआधी होतो तसा नंतरही होतो, पहिल्या एक-दोन वर्षांत जास्त. शी जोरात फवाऱ्यासारखी बाहेर पडते, वास नेहमीपेक्षा वेगळा आणि उग्र असतो, पोट टम्म होतं, ताप येतो, मूल खेळणं सोडून पडून राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला हे साधे जुलाब वाटतात. म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलं, तरी पहिलं वाक्य हेच असावं: “याचं हिर्शस्प्रंगचं ऑपरेशन झालंय.” जुलाब बंद करणारी गोळी अशा वेळी घातक ठरू शकते. सलाईन, प्रतिजैविकं आणि गुदद्वारातून आतडं धुणं हे उपचार वेळेवर सुरू झाले, तर मूल सावरतं. उशीर झाला, तर जिवावर बेततं.

३. आतडं धुवायला शिकून घ्यावं.
एनिमात औषध आत सोडून शी होण्याची वाट पाहतात. वॉशआउटमध्ये मऊ नळीतून थोडं थोडं कोमट नॉर्मल सलाईन आत सोडून तेच परत बाहेर घेतात. त्याबरोबर अडकलेली शी आणि गॅस निघतो. नळाचं साधं पाणी यासाठी कधीही वापरू नये, कारण ते शोषलं जाऊन रक्तातले क्षार बिघडतात. वॉर्डातल्या सिस्टरांनी मला समोर उभं करून सगळं करायला लावलं. “ताई, घरी मी नसणार, तुमचाच हात बसायला हवा,” असं त्या म्हणाल्या. नळी किती आत घालायची, सलाईन किती घ्यायचं, हे मुलाच्या वजनावर आणि त्याच्या ऑपरेशनवर ठरतं. ते सर्जनकडूनच लिहून घ्यावं. ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या परवानगीशिवाय नळी घालूच नये.

४. रोज चड्डी भरते म्हणजे पोट साफ होतं असं नाही.
आत घट्ट शी साठली की तिच्या कडेने पातळ शी झिरपत राहते. घरचे म्हणतात, याला तर सारखी होते! प्रत्यक्षात तो बद्धकोष्ठ असतो. पोटाचा एक्स-रे आणि डॉक्टरांच्या हाताने केलेली तपासणी यांवरून खरं काय ते कळतं. जुलाब आणि बद्धकोष्ठ यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, त्यामुळे तपासल्याशिवाय औषध बदलू नये. आमच्याकडे जेवणानंतर संडासात बसण्याची सवय फार उपयोगी पडली. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आपसूक हालचाल करतं. पाय टेकतील असा पाट खाली ठेवायचा, घाई करायची नाही, आणि झाली नाही म्हणून ओरडायचं तर अजिबात नाही.

५. हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट पाहू नये.
पोट एकदा उघडलं की आत आतडी एकमेकांना किंवा वणाला चिकटून पट्ट्या तयार होऊ शकतात. त्या पट्ट्यांत आतडं अडकलं की कळा येतात, पोट फुगतं, शी आणि गॅस बंद होतो, हिरवी उलटी होते. हे ऑपरेशननंतर कितीही वर्षांनी होऊ शकतं. तेव्हा ओवा-हिंगाचा लेप, पोट चोळणं, एरंडेल यांत वेळ जाता कामा नये. तोंडाने काही न देता लहान मुलांचे सर्जन असलेलं रुग्णालय गाठावं. कित्येकदा नाकातून नळी आणि सलाईन यांवर भागतं, काही वेळा ऑपरेशन करावं लागतं. ते ठरवायला डॉक्टरांच्या हाती वेळ उरला पाहिजे.

६. आतड्याचा कुठला भाग गेला, हे कागदावर असावं.
माझ्या मुलाचं मोठंच आतडं कापलं. वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या लहान आतड्याचं शेवटचं टोक गेलं होतं. ब१२ जीवनसत्त्व आणि पित्तक्षार मुख्यतः तिथेच शोषले जातात. यकृतात ब१२चा साठा असतो, म्हणून उणीव काही वर्षांनी दिसते. तोवर घरातले ऑपरेशन विसरलेले असतात. अशा मुलांची रक्ततपासणी ठरावीक अंतराने व्हायलाच हवी. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि वजन-उंचीची वही एका फाइलीत ठेवावी, फोटो मोबाइलमध्ये. वजन वाढायचं थांबलं, तर ते पहिल्यांदा त्या वहीत दिसतं.

७. शाळेला सांगावं, पण मुलाला विचारून.
वर्गशिक्षिकेला एवढं कळलं तरी पुरतं: याने संडासला जायचं म्हटलं की लगेच सोडा, सगळ्यांसमोर कारण विचारू नका. दप्तरात जादा चड्डी, ओले कपडे ठेवायला पिशवी आणि पाण्याची बाटली असावी. वास येतो म्हणून एकट्या पडलेल्या मुलाच्या मनाला जी जखम होते, ती पोटावरच्या वणापेक्षा खोल जाते. घरातही ‘घाण’, ‘आळशी’ हे शब्द कुणी वापरायचे नाहीत, हे आम्ही आजी-आजोबांसह सगळ्यांनी ठरवून घेतलं.

८. मुलाला त्याचं पोट समजू द्यावं.
मी त्याच्या आजाराचं नाव त्याच्यापासून लपवलं नाही. चित्र काढून दाखवलं: इथे चेतापेशी नव्हत्या, एवढा भाग काढला, हे इथे जोडलं. आता तपासणीला गेल्यावर तो स्वतः सांगतो, कधी फुगतं, काय खाल्ल्यावर बरं वाटतं, औषध किती घेतो. उद्या तो शिकायला बाहेरगावी जाईल, लहान मुलांच्या सर्जनकडून मोठ्यांच्या डॉक्टरकडे जाईल, आणि तिथे त्याची फाइल उघडून बोलायला आई नसेल. म्हणून मी माझ्या वाट्याचं एकेक काम आत्तापासूनच त्याच्या हाती देते आहे. पुढच्या तपासणीची तारीख आता त्यानेच लक्षात ठेवायची आहे.