काच पुढे हवी, डोळ्याशी नको

दुर्बीण घरात आली की आधी चंद्र, मग शनीची कडी आणि मग सूर्याची हुक्की. माझंही तसंच झालं. जुन्या बाजारातल्या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीबरोबर एका डबीत काळपट हिरवी काच आली होती, नेत्रिकेला आटे फिरवून बसवायची. सकाळी गच्चीवर सूर्य धरला, भाचीला हाक मारायला मान वळवली आणि मागे ‘टक्’ झालं. काच उभी तडकली होती. फटीतून आलेली उजेडाची तिरीप माझ्या बाहीवर पडली होती. हाक मारायला वळलो नसतो तर ती बुबुळावर पडली असती.

दुर्बिणीचं भिंग गोळा केलेली सगळी उष्णता नेत्रिकेपाशीच आणून ओततं. तिथली काच तापून तडकणारच. तसली काच सापडली तर सरळ फेकून द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर हवा, एक लाखातला जेमतेम एक भाग प्रकाश आत सोडणारा. दरवेळी तो दिव्यासमोर धरून टाचणीएवढं भोक नाही ना, हे बघायचं. गच्चीवरचा वारा भलता असतो, म्हणून चिकटपट्टीही लावायची. छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण घाला, नाहीतर ती काढूनच ठेवा. नेम सावलीवरून धरता येतो: नळीची सावली सर्वांत लहान झाली की सूर्य समोर आला.

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, ही खरी गोम. जळताना काही जाणवत नाही, डाग कळतो तो काही तासांनी. म्हणून ‘मला तर काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच ही ग्रहणाच्या दिवशी दरवेळी निघणारी अडगळ. ग्रहणाचा चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी. तो घालून दुर्बिणीला डोळा लावायचा नाही.

फिल्टर नसेल तर नेत्रिकेमागे पांढरा कागद धरून प्रतिमा पाडा. फक्त शेजारी एक मोठं माणूस उभं हवं, कारण पोरं कागद सोडून नेत्रिकेतच वाकतात.

एवढं सांभाळलं की मग मजा. स्लॅब तापायच्या आत, सकाळीच बघा. नंतर सूर्याची कड उकळल्यासारखी हलते. सूर्यावरच्या डागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी झालर कागदावर उतरवून तारीख घाला. रोज थोडा सरकत डाग कडेला जातो आणि तग धरलाच तर साधारण दोन आठवड्यांनी दुसऱ्या कडेने परत उगवतो. कोडाईकनालच्या वेधशाळेत सूर्याची अशी छायाचित्रं १९०४पासून घेतली जात आहेत. मे २०२४मधला डागांचा प्रचंड समूह तर दुर्बिणीशिवाय, नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातून दिसत होता. त्याच डागांतून उसळलेल्या सौरवादळांमुळे त्या दिवसांत लडाखमधल्या हानलेहून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला.

२ ऑगस्ट २०२७ला महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण आहे, तेही ऐन पावसाळ्यात. चष्मा आधीच आणून ठेवा. ढगाआडून सूर्य फिकट दिसला तरी चष्मा काढायचा नाही. ढग कधी सरकेल याचा नेम नसतो.