गोणी उचलण्याआधी

बोईसरला एमआयडीसीत लोडिंगवर लागलास, बरं झालं. पण पहिल्याच आठवड्यात कंबरेत उसण भरून घरी बसशील, म्हणून मामाचं थोडं ऐक. विज्ञान शिकवण्यात जन्म गेला माझा, तेव्हा जरा पुस्तकी वाटेल.

स्नायूला एकच काम येतं, ओढायचं. दंडातली बेटकुळी हात वाकवते. तो सरळ करायला मागच्या स्नायूला ओढावं लागतं. तू ड्रम ढकलतोस तेव्हाही आत कुणीतरी ओढतच असतं. कसं? सातपाटीला होडी वाळूवर घेताना दोर खेचतात ना: धरायचा, ओढायचा, सोडायचा, पुढे धरायचा. स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाचे बारीक हात ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यावर हेच करतात. धागे आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. १९५४ साली अँड्र्यू आणि ह्यू हक्सली या दोघांनी हे वेगवेगळं मांडलं. आडनाव एक, नातं काही नाही.

खरी मेख सोडण्यात आहे. तो हात सुटायलाही एटीपी हे इंधन लागतं. ते संपलं की हात चिकटूनच राहतो. मेल्यावर अंग ताठरतं ते त्यामुळेच. म्हणून गोणी छातीशी धरून सुपरवायझरशी बोलत उभा राहू नकोस. तू हलत नसलास तरी स्नायू आवळलेलाच असतो, इंधन जळत राहतं, त्यातल्या रक्तवाहिन्या चेपतात आणि रक्त नीट फिरत नाही. आधी टेकव, मग बोल.

उचलताना गुडघ्यात वाक आणि गोणी अंगाशी घे. कंबरेचे स्नायू मणक्याला लागून असतात. ओझं जितकं लांब, तितका त्यांना जास्त जोर लावावा लागतो.

उतरवताना तर जास्त जप. ओझं पेलत स्नायू लांबतो तेव्हाच त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं. लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणतात, त्यात तथ्य नाही. ते तास-दोन तासांत निघून जातं. आंबलं म्हणून खाट धरू नकोस, हलकं काम चालू ठेव. पुढच्या खेपेला कमी दुखेल. ती इजा भरून यायला डब्यात नुसता भात नको. डाळ, अंडं, सुकट काहीतरी असू दे.

रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून चवडा स्वतःकडे ओढ आणि तसाच धर. चोळायचं नंतर. परतताना गाडीत जागा नाही मिळाली, तर पालघर येईपर्यंत अधूनमधून टाचा उचलत राहा. पोटऱ्या आवळल्या की पायातलं रक्त वर चढतं.

एक गोष्ट मात्र अंगावर काढायची नाही. उन्हाळ्यात फार राबल्यावर अंग भयंकर दुखलं आणि लघवी तपकिरी झाली, तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात उतरतंय असं समज. ताडीने उतरेल म्हणणारे तिथे भेटतीलच. त्यांना तिथेच सोड आणि शिफ्ट अर्धी टाकून दवाखाना गाठ.